रविवारी दुरुस्ती बंद

चेरी खाऊन वर पाणी प्यायलं की पोटात कळ येते, हे आमच्या जर्मनीतल्या वेस्टफालियात पोरांना मुळाक्षरांच्या आधी शिकवतात. आमच्या आज्यांनी आम्हाला सांगितलं, आम्ही झाडाखाली उभं राहून नातवंडांना बजावलं. पण हेच वाक्य आमच्या बागसंघाच्या ग्रुपवर लिहायची कोणाची छाती होत नसे. कारण लिहून फोन खिशात टाकायच्या आत उत्तर यायचं:

"वास्तविक पाहता, असे काही नसते."

आणि खाली तीन संदर्भ. त्यांतला एक लॅटिन.

हे विनफ्रीड ओस्टरकांप. उंच, सडसडीत, मानेत किंचित पुढे झुकलेले. समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघताना ते आणखी थोडे झुकायचे, आणि बोलणाऱ्याला आपलं काहीतरी चुकलंय हे आधीच कळायचं. सगळी नोकरी सरकारी वजनमाप खात्यात झाली. मखमलीच्या पेटीत खरा किलो घालून दुकानोदुकानी हिंडायचं, दुकानदाराचा किलो त्याच्या शेजारी ठेवायचा आणि दोघांतला खोटा कोणता ते सांगायचं. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी पेटी परत केली. खरा किलो मात्र डोक्यातच राहिला. पुढे बायको गेली, मग फोन आला, आणि फोनमधून त्यांनी जगाकडे पाहिलं तर जग सगळीकडे वजनात कमी भरत होतं.

आमची वसाहत म्हणजे गावाबाहेर, रेल्वेरुळाच्या कडेला, हारीने आखलेल्या छोट्या छोट्या भाड्याच्या बागा. प्रत्येक बागेत एक लाकडी खोपटं, दोन फळझाडं, बटाट्याचा वाफा, आणि वाफ्याला पुरून उरतील इतके नियम. कुंपणाची उंची किती, खोपट्याचं छप्पर किती, दुपारी एक ते तीन आवाज बंद, रविवारी दिवसभर बंद. अशा ठिकाणी ओस्टरकांपांसारखा माणूस माशासारखा सुखात राहायला हवा. तो राहतही होता. गुदमरत होतो ते आम्ही.

कोणी लिहावं, "काल दाराच्या फटीतून वारा लागला, आज सर्दी धरली." उत्तर: वास्तविक पाहता, सर्दी विषाणूने होते, फटीने नव्हे. कोणी लिहावं, "पालकात लोहच लोह!" उत्तर: वास्तविक पाहता, लोकांना वाटते तितके नसते. आमच्या अध्यक्षा ल्यूटकेबाईंनी एकदा "माझी छायाचित्रे वापरण्यास मी या कंपनीला मनाई करीत आहे" असा कुठूनसा आलेला लांबलचक मजकूर मोठ्या आवेशाने ग्रुपवर डकवला. ओस्टरकांपांनी कळवलं की, अर्जाखाली सही करून झाल्यावर भिंतीकडे तोंड करून "मी सही केली नाही" असं ओरडण्याइतकंच याला कायद्यात वजन आहे.

फाटकावर "मुलांच्या खोड्यांना पालक जबाबदार" अशी पाटी लागली, तेव्हा त्याच दिवशी त्यांनी खुलासा केला की पालक सरसकट जबाबदार नसतात, त्यांनी लक्ष ठेवण्यात कसूर केली असेल तरच असतात. ल्यूटकेबाई म्हणाल्या, "ओस्टरकांपसाहेब, ती पाटी पोरांसाठी आहे, न्यायाधीशासाठी नाही."

"पण चूक आहे."

"पण पोरं घाबरतात."

"चुकीच्या गोष्टीला घाबरतात," ओस्टरकांप म्हणाले. यावर बाईंना उत्तर सुचलं नाही, आणि ते न सुचल्याबद्दल त्यांनी ओस्टरकांपांना वर्षभर माफ केलं नाही.

त्यांची मोठी खोड म्हणजे ते बरोबर असत. दर वेळी. चुकीचं बोलणाऱ्याला आम्ही दोन बिअरमध्ये माफ करतो; बरोबर बोलणाऱ्याला माफ करायला किती बिअर लागतात, याचा आमच्याकडे अजून शोध लागलेला नाही. माणूस तसा उपयोगाचा. कोणाचा घरमालक दांडगाई करायला लागला की तो माणूस गुपचूप ओस्टरकांपांकडे जायचा, आणि ते चहा पाजून त्याला त्याचे हक्क समजावून द्यायचे. एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आली नव्हती. सकाळी उठून बोलायला त्यांच्या घरात कोणी नव्हतं. ग्रुपवर मात्र रोज कोणीतरी चुकलेलं असायचं.

त्यांना एकच मित्र होता, हार्टमुट बोकेलमान. दोघांच्या बागांमध्ये झुडपांचं एकच कुंपण. हार्टमुट पाववाला, गोल, लाल, हसला की आधी पोट हलायचं. दोघांची ओळख तराजूवरच झालेली. ओस्टरकांप तपासणीला गेले तर हार्टमुटचा काटा चुकत होता, पण उलटा. गिऱ्हाइकाला दर किलोमागे एक घास जास्त जात होता.

"जाऊ द्या हो," हार्टमुट म्हणाला होता. "कोणाची तक्रार नाही."

"माझी आहे," ओस्टरकांप म्हणाले, आणि काट्याला सील ठोकलं. हार्टमुट इतका हसला की त्याने त्यांच्या हातात एक गरम पाव कोंबला. ओस्टरकांपांनी त्याचे पैसे मोजून दिले. मैत्री व्हायला याहून वेडं कारण मला ठाऊक नाही, पण ती झाली. अहो-जाहो सुटून अरे-तुरेवर आली, आणि आमच्याकडे ती पायरी चढायला कधी कधी अर्धं आयुष्य लागतं. दर शनिवारी पत्ते. हार्टमुट थापा मारणार, विनफ्रीड त्या कापणार. शिंपी आणि कापड यांचं जमावं तसं त्यांचं जमत होतं.

बिनसलं ते हार्टमुटच्या सत्तरीला. मोठा मांडव, केक, बिअरचं पिंप, सगळी वसाहत हजर. हार्टमुट पेला घेऊन उभा राहिला आणि त्याने बापाची गोष्ट सांगितली. तो जन्मला त्या उन्हाळ्यात त्यांच्या घराच्या धुराड्यावर वीज पडली. बाप म्हणाला, "वीज एका जागी दोनदा पडत नाही. आता अख्ख्या गावात या जागेइतकी सुरक्षित जागा नाही." आणि बरोब्बर तिथेच त्याने भट्टी बांधली. पुढे हार्टमुटने इर्मट्राउटला मागणी घातली तीही त्या भट्टीपुढेच. "मी तिला म्हटलं, पोरी, इथे ये. इथे काही वाईट होऊच शकत नाही. आणि मंडळी, झालं नाही!"

इर्मट्राउट डोळे पुसत होती. आम्ही पेले उचलले. आणि त्या शांततेत आवाज आला:

"वास्तविक पाहता..."

उंच मनोऱ्यांवर वर्षातून कित्येकदा वीज पडते, असं ओस्टरकांपांनी सांगितलं. एकदा पडलेल्या जागी पुन्हा पडण्याचा संभव कमी नसतो; जागा उंच असेल तर तो भरपूर असतो. ते अगदी आपुलकीने सांगत होते. भट्टीवर वीज जमिनीत उतरवणारा तांब्याचा दांडा बसवला होता का, अशी चौकशीही त्यांनी केली. इर्मट्राउटने केकमध्ये सुरी घातली ती थेट पाटापर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी हार्टमुट कुंपणापाशी आला. टोपी काढली. म्हणाला, "सुप्रभात, ओस्टरकांपसाहेब. आपण बरे आहात ना?"

मी माझ्या बागेतून ऐकलं आणि माझ्या हातातलं फावडं गळून पडलं. आमच्या देशात माणसं भांडतात, कोर्टात जातात, घटस्फोट घेतात, पण तरी अरे-तुरेच राहतात. अरेवरून परत अहोवर गेलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

त्यानंतर दोघांनी कुंपण वाढू दिलं. नियमात बसेल तितकं.

वसंतातल्या वार्षिक सभेत हार्टमुटने ठराव आणला. मजकूर साधा होता: "ओस्टरकांप यांनी ग्रुपवर गप्प बसावे." टाळ्या पडल्या. ल्यूटकेबाई मतं मोजायला हात वर करायला सांगणार, इतक्यात ओस्टरकांप उभे राहिले.

"हा ठराव टिकणार नाही," ते म्हणाले.

"का बरं? तुमच्याबद्दल आहे म्हणून?" मागून कोणीतरी ओरडलं.

"माझ्याबद्दल आहे म्हणूनच. नियमात व्यक्तीचं नाव घालता येत नाही. नियम सर्वांना लागू हवा. शिवाय 'गप्प' म्हणजे काय, याची व्याख्या नाही. उद्या मी कोर्टात गेलो तर संघ हरेल." आणि त्यांनी खिशातून पेन काढून तो ठराव दुरुस्त करायला घेतला. "आवाजबंदीचे तास आहेतच, त्यांनाच जोडा. 'दुपारी एक ते तीन, तसेच रविवारी दिवसभर, गवत कापणे, भोके पाडणे व दुसऱ्याच्या विधानातील चूक दाखवणे यांस मनाई राहील.' आणि तातडीच्या प्रसंगासाठी एक अपवाद ठेवा."

"अपवाद नको!" हार्टमुट उभा राहिला. "त्यांच्या दृष्टीने सगळंच तातडीचं. पालकातलं लोहसुद्धा! फट ठेवलीत की माणूस आत आला. मी अपवाद गाळण्याची उपसूचना मांडतो."

उपसूचना मंजूर झाली. मग दुरुस्त ठराव मताला टाकला, आणि ओस्टरकांपांनी त्याच्या बाजूने हात वर केला. शेजारच्याने डिवचलं, "अहो, तुमच्याच विरुद्ध आहे!"

"मसुदा निर्दोष आहे," ते म्हणाले.

उन्हाळा आम्ही असा काही भोगला म्हणता! दुपारी एक वाजला की ग्रुपवर जत्रा भरायची. पौर्णिमेला लावलेला मुळा, माश्या पळवणारं तांब्याचं नाणं, मुंग्यांना गणित येतं, वर्षातून एकदा दणक्यात पार्टी करायचा हक्क कायद्यानेच दिलाय... जे जे वर्षानुवर्षं मनात कोंडून ठेवलं होतं ते सगळं दोन तासांत बाहेर यायचं. तीनच्या ठोक्याला ओस्टरकांपांची उत्तरं धडाधड उतरायची, क्रमवार, पण तोवर कोण वाचतंय? बहुतेकांनी त्यांचा आवाज फोनमध्ये बंदच करून टाकला होता. रविवार तर निव्वळ स्वर्ग. ओस्टरकांप खोपट्याच्या पायरीवर फोन मांडीवर घेऊन बसलेले दिसायचे, आणि वाचता वाचता त्यांचे ओठ हलायचे.

ऑक्टोबरातला असाच एक रविवार. मी सफरचंदाखालची पानं हाताने गोळा करत होतो, कारण दाताळ्याचा आवाज होतो. जेवणाच्या सुमारास ग्रुपवर हार्टमुटचा मेसेज आला, सोबत फोटो. टोपलीभर पांढरे-हिरवट मश्रूम.

"मंडळी, इर्मट्राउट बहिणीकडे गेलीय, आज स्वयंपाकावर माझं राज्य! सकाळी ओकच्या झाडाखाली काय घबाड लागलं बघा. काळजी नको, कांदा टाकून उकळलेत, विष असतं तर काळा पडला असता, नवरीसारखा पांढरा राहिलाय. गोगलगायींनीही चाखलेत, म्हणजे प्रश्नच मिटला. आणि जंगल सगळ्यांचं, हवे तेवढे न्यायचे, कायदाच आहे तसा. फोन आता दोन टक्क्यांवर आलाय, पूर्ण संपू देतो, बॅटरीला व्यायाम होतो. जेवायला या म्हटलं असतं, पण उरायचे नाहीत!"

एका मेसेजात विज्ञान, तंत्रज्ञान आणि कायदा तिघेही आडवे झाले होते. खाली अंगठ्यांची रांग लागली. ल्यूटकेबाईंनी जीभ बाहेर काढलेला चेहरा पाठवला. मीही एक अंगठा दाबला आणि पुन्हा पानांकडे वळलो.

मान वर केली तर फाटकाशी ओस्टरकांप. चेहरा पिठासारखा.

"शेजारी," ते म्हणाले, "इशारा म्हणजे दुरुस्ती का हो?"

"काय?"

"नियमात 'दुसऱ्याच्या विधानातील चूक दाखवणे' आहे. मी विधानाला हातच लावला नाही, आणि वेगळं, स्वतंत्र निवेदन केलं, तर..."

"कसलं निवेदन? काय झालंय काय?"

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. फोटो बोटांनी ताणून मोठा केलेला. "ही टोपीवरची हिरवट झाक. ही गळ्यातली कॉलर. आणि हा खाली, बुडाशी, फाटलेल्या पिशवीसारखा. बाकीचे साधे असतील कदाचित. हा एक नाही. हा चवीला उत्तम लागतो, म्हणतात. पहिल्यांदा काहीच होत नाही. मग पोट बिघडतं. मग बरं वाटतं, माणूस हसतो, खातो. आणि मग यकृत जातं. कांद्याला यातलं काही कळत नाही. गोगलगायीला तर हा पचतो."

"अहो, मग लिहा की!"

"आज रविवार आहे."

"ओस्टरकांपसाहेब!"

"मसुदा माझाच आहे," ते केविलवाणे होऊन म्हणाले. "अपवाद ठेवा म्हणालो होतो मी."

मग मात्र त्यांचा अंगठा हलला. मी बघत होतो. त्यांनी लिहिलं "वास्तविक पाहता", आणि खोडलं. पुन्हा "वास्तविक", पुन्हा खोडलं. शेवटी तीन शब्द गेले: "हार्टमुट, खाऊ नकोस." संदर्भाशिवाय लिहिलेला त्यांचा पहिला मेसेज.

उत्तरं लगेच आली. ल्यूटकेबाई: "आज रविवार, ओस्टरकांपसाहेब. कलम दोन." कोणी लिहिलं, "सुखाने घासही गिळू देत नाहीत हो!" आणि कोणी, "संदर्भ कुठायत? एकही नाही? तब्येत बरी आहे ना?" खाली हसणारे चेहरे. हार्टमुटपर्यंत मेसेज पोचलाच नव्हता. फोन लावला तर बंद. बॅटरी व्यायाम करत होती.

हार्टमुटचं फाटक पलीकडच्या वाटेवर; तिथून जायचं तर अख्ख्या वसाहतीला वळसा. ओस्टरकांप आपल्या बागेत धावले. हा माणूस धावतानाही मला पहिल्यांदाच दिसत होता. खोपट्यात शिरले, बाहेर आले ते हातात दुधाची बाटली घेऊन. मग कुंपणापुढे उभे राहिले. ते कुंपण ते दर वसंतात पट्टी लावून कापायचे, एक फांदी इकडची तिकडे नाही. क्षणभर त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि खांदा पुढे करून सरळ आत घुसले. काट-काट-काट आवाज झाला. रविवारी. भर दुपारी.

पडलेल्या भगदाडातून मीही मागोमाग गेलो.

हार्टमुट ओसरीवर बसला होता. गळ्यात रुमाल, पुढ्यात कढई, बाजूला पाव, बिअर. काट्याला एक मोठा तुकडा टोचलेला, तोंडापासून वीतभर लांब.

"या, ओस्टरकांपसाहेब!" तो म्हणाला. "परवानगीशिवाय दुसऱ्याच्या बागेत घुसणं. कलम तुम्ही सांगता की मी सांगू?"

"काटा खाली ठेव."

"अहो-जाहो करा. आपली एवढी ओळख नाही."

"काटा खाली ठेव, हार्टमुट."

"कांदा पांढरा आहे."

"कांद्याला काय..." ओस्टरकांप थांबले. केसांत पानं, कपाळावर ओरखडा. "कांद्याचं राहू दे."

"गोगलगायींनी..."

"त्यांचंही राहू दे."

"म्हणजे मी बरोबर?" हार्टमुटचा चेहरा लाल व्हायला लागला. "बोला ना! आज का गप्प? माझ्या बापाची वीज चूक. माझा कांदा चूक. माझी बॅटरी चूक. सगळ्या गावासमोर, बायकोसमोर, माझ्या सत्तरीला! अहो, माझ्या आयुष्यातली एक तरी गोष्ट तुमच्या त्या किलोच्या शेजारी ठेवली तर पुरी भरते का?"

आणि त्याने काटा उचलला. नुसत्या रागाने. भुकेची गोष्ट केव्हाच संपली होती.

मला वाटलं, आता ओस्टरकांप सांगतील. विषाचं नाव, यकृताचं काम, दरवर्षीचा आकडा. त्यांच्याजवळ सगळं होतं. त्यांनी काय केलं, तर खुर्ची ओढली, हार्टमुटच्या समोर बसले, फळीवरची एक ताटली घेतली आणि पुढे केली.

"मला वाढ."

"काय?"

"वाढ म्हणतो ना. शेजारी जेवणाच्या वेळी आला तर विचारायची पद्धत नाही का तुमच्यात? तो हिरव्या टोपीचा तुकडा दे मला. तो मोठा."

"विषारी आहे ना तो?"

"हो."

"मग?"

"मग काय?" ओस्टरकांपांनी ताटली आणखी पुढे सरकवली. "तू खाणार असशील तर मी मागे राहून काय करू? रोज सकाळी उठून कोणाच्या चुका काढू?"

हार्टमुट त्या ताटलीकडे बघत राहिला. हा माणूस कोण? डब्यावरची तारीख उलटली की दही रात्री बारानंतर घरात ठेवत नाही तो. उकडलेल्या अंड्यावर पेन्सिलीने वार लिहितो तो. तो ताटली धरून बसला होता.

हार्टमुटने काटा खाली ठेवला.

"एक चमचा रस्सा चाखलाय," तो एवढ्याशा आवाजात म्हणाला. "मीठ बघायला."

मी तोवर विषबाधेच्या मदत-क्रमांकाला फोन लावला होता आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला होता. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं विचारून घेतलं. इकडे ओस्टरकांपांनी बाटलीचं झाकण उडवलं आणि ती हार्टमुटच्या तोंडाला लावली. "पी. सगळं पी. घटाघटा."

"काय पाजताय त्यांना?" फोनमधून आवाज आला.

"दूध," ओस्टरकांप म्हणाले.

"दूध अजिबात देऊ नका."

"अहो, विषावर दूध..."

"तो गैरसमज आहे हो काका. फार लोकांचा असतो. दुधाने विष उतरत नाही, काही विषं तर त्याने लवकर भिनतात. उलटीही काढायला लावू नका. कढईत आहे ते सगळं तसंच डब्यात भरून सोबत द्या. गाडी निघालीय."

ओस्टरकांप बाटली धरून उभे. मी त्यांना ओळखतो तेव्हापासून त्यांचं तोंड असं उघडं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. "माझी आई द्यायची," ते पुटपुटले. "उंदराच्या औषधाचा डबा आम्ही उघडला होता तेव्हा. आईने दूध दिलं होतं."

हार्टमुटचं पोट हलायला लागलं. मला वाटलं विषच चढलं. तो हसत होता. टेबल धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"वास्तविक पाहता," तो म्हणाला, "असे काही नसते!"

गाडी आली, त्याला स्ट्रेचरवर घातलं. तो आडवा झाल्या झाल्या ओरडला, "विनफ्रीड! गाढवा, तो गॅस बंद कर आधी!" ओस्टरकांपांनी गॅस बंद केला आणि चप्पल तशीच घालून गाडीत चढले. नातेवाईक आहात का, असं कोणी विचारलं तर "शेजारी" म्हणाले. त्यांना हवं असतं तर खोटं बोलता आलं असतं. तरी चढू दिलं.

डब्यातले तुकडे मश्रूमच्या जाणकाराने तपासले. बाकी सगळे खाण्याजोगे, एक तसला. हार्टमुटला काही दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं, रोज रक्त तपासलं, आणि यकृत शाबूत असल्याचं सांगून घरी सोडलं. इर्मट्राउट बहिणीकडून धावत आली. तिने नवऱ्याला शिव्या दिल्या, ओस्टरकांपांच्या गालाचा मुका घेतला, आणि मग तोंड फिरवून नवऱ्याला उरलेल्या शिव्या दिल्या.

वसाहतीत मात्र मश्रूमची बातमी मागे पडली आणि दुधाची पुढे गेली. ओस्टरकांप चुकले! ओस्टरकांपांनी दूध पाजलं! रेल्वेरुळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं एकमेकांना थांबवून सांगत होती आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर कसं ऊन पडल्यासारखं झालं होतं. ज्यांनी वर्षभर त्यांना साधा नमस्कार केला नव्हता ते त्यांच्या फाटकाशी रेंगाळायला लागले. एकाने भोपळा दिला. पाटीवरून रुसलेल्या ल्यूटकेबाईंनी केक पाठवला, आणि सोबत दुधाची एक पिशवी. तेव्हापासून ग्रुपवर त्यांचं "वास्तविक पाहता" आलं की खाली कोणीतरी दुधाच्या पेल्याचं चित्र टाकतं. आणि गंमत अशी, की पेला टाकायचा म्हणजे आधी मेसेज वाचावा लागतो. कांद्याचं, गोगलगायीचं, बॅटरीचं सगळं लोकांनी शेवटी वाचलं. हार्टमुट आता फोन वेळेवर चार्जिंगला लावतो.

पुढच्या सभेत ल्यूटकेबाईंनी उभं राहून जाहीर केलं, "दुरुस्तीबंदीचा नियम आपण आज आनंदाने रद्द करू या."

ओस्टरकांप उठले. "मुदतीत लेखी सूचना दिलेली नाही. रद्द करता येणार नाही."

"अहो, तुमच्यासाठीच करतोय!"

"तरीही येणार नाही."

त्यामुळे नियम अजून चालू आहे, अपवादाशिवाय. कुंपणातलं भगदाडही तसंच आहे. भगदाडाबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही, असं ओस्टरकांपांचं मत पडलं, आणि ते खोडायला कोणी नियमावली उघडली नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी इर्मट्राउटने आम्हाला कॉफीला बोलावलं. रूबार्बच्या आंबट देठांचा केक, मलई, कपांची किणकिण. हार्टमुटला कंठ फुटला होता. कोणीतरी नवीन पाहुणा सापडला आणि त्याने बापाची गोष्ट काढली. तेच धुराडं, तीच भट्टी. "आणि बाप म्हणाला, वीज एका जागी दोनदा पडत नाही!"

इथे तो थांबला. आम्हीही थांबलो. सगळ्यांच्या माना ओस्टरकांपांकडे वळल्या. ते किंचित पुढे झुकलेले. ओठ हलत होते. कपाळावर घाम.

"बोल की," हार्टमुट म्हणाला. "बोल रे, नाहीतर फुटशील."

ओस्टरकांपांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, कारण घड्याळाचा संबंधच नव्हता. त्यांनी केकचा तुकडा तोडला.

"आज रविवार आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेंगांना काठ्या लावत होतो, तर ओस्टरकांप भगदाडातून पलीकडे जाताना दिसले. खांद्यावर एक लांब तांब्याचा दांडा, हातात जाडजूड तारेचं भेंडोळं, बगलेत फावडं. हार्टमुट दाढीचा फेस तोंडावर घेऊनच बाहेर आला.

"हे काय रे?"

"घरी पडून होतं."

"माझ्या छपरावर लावतोस?"

"हो."

"आणि ही तार कुठे चालली? जमिनीत? एवढी खोल?" हार्टमुटने कमरेवर हात ठेवले. "विनफ्रीड, हे कशाला?"

ओस्टरकांप शिडीवर चढले होते. तिथून त्यांनी खाली पाहिलं, दांडा सरळ आहे की नाही ते एक डोळा मिटून ताडलं, आणि पुन्हा वर तोंड केलं.

"शोभेला," ते म्हणाले.